ज्यूस आणि स्मूदी हेल्दी का? आधी घरातला ग्लास मोजा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. घरात चार माणसं. विचारणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या, सकाळी ऑफिसची घाई म्हणून नाश्त्याला स्मूदी घेतात (केळं, आंबा, चार खजूर, मोठा चमचा मध, दूध, ओट्स, पीनट बटर), तरी सहा महिन्यांत वजन ३ किलो वाढलं. मिस्टर जिमवरून येताना कोपऱ्यावर मोसंबी ज्यूसचा मोठा ग्लास मारून येतात. सासूबाई ६६ च्या, शुगर आणि बीपी दोन्ही, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपचं ऐकून रोज अनशापोटी सफरचंद-बीट-गाजराचा ज्यूस, मधेमधे दुधीचा. आणि साडेतीन वर्षांचा मुलगा फळाला तोंड लावत नाही म्हणून त्याला पण ज्यूस. तर हे सगळं हेल्दी आहे की नाही, "एकच काय ते सांगा".

एकच काय ते सांगायचं तर, फुलपात्र. का ते सांगते.

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून २२ वर्षं काम करतेय आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात ठरलेला, फक्त नाव बदलतं. आधी नुसता ज्यूस होता, मग कोल्ड प्रेस आला, मग स्मूदी, आता सगळ्यांच्या तोंडी एबीसी, म्हणजे ॲपल-बीट-कॅरटचा ज्यूस. ज्यूस म्हणजे विष वगैरे काही नाही, तसं मी कधी म्हटलं नाही, पण ज्यूस म्हणजे फळ पण नाही. ते एक गोड पेय आहे ज्यात फळाचे काही गुण शिल्लक राहिलेत. स्मूदी मधेच कुठेतरी बसते, मिक्सरच्या भांड्यात तुम्ही काय टाकता त्यावर ती इकडे किंवा तिकडे झुकते. मग खरा प्रश्न उरतो तो किती प्यायचं आणि कशाच्या बदल्यात प्यायचं, आणि यातलं "किती" आपल्याकडे कुणीच मोजत नाही.

म्हणून आधी एक काम करा. घरात ज्या ग्लासातून ज्यूस पिता तो घ्या, दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी पाण्याने भरा आणि ते पाणी त्या ग्लासात ओता. बहुतेक घरांत पिशवी दीड ग्लासात संपते, म्हणजे ग्लास ३०० मिलीच्या वरचा निघाला. ज्यूस सेंटरचा तो जाड काचेचा मग याहून मोठा. आता ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा काय सांगते तर ज्यूस आणि स्मूदी दोन्ही मिळून दिवसाला १५० मिली, बस, आणि तेवढं प्यायलात तरी ते फळाचं एकच सर्व्हिंग धरायचं, दुसरा ग्लास प्यायलात म्हणून दोन फळं खाल्ली असं होत नाही. १५० मिली म्हणजे आपण पाहुण्यांना पाणी देतो ते छोटं फुलपात्र. क्लिनिकमध्ये मी टेबलावर एक फुलपात्रच ठेवलंय, कारण मिली सांगितले की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन ग्लासच भरतात.

आता मोसंबीचा हिशोब. मध्यम आकाराच्या एका मोसंबीतून साधारण ६०-७० मिली रस निघतो, म्हणजे ३०० मिलीच्या ग्लासाला चार-पाच मोसंबी लागतात. साखर निघते २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा चमचे, आणि हे ज्यूसवाल्याने वरून पाक घातला नसेल तर. (घालतो हो. आंबट मोसंबीच्या दिवसांत सगळेच घालतात, "भैया बिना शक्कर" म्हटलं तरी मिक्सरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा असतोच थोडा.)

मी एकदा घरी बसून करून बघितलं. जालन्याची मोसंबी आणलेली, पाच सोलून बसले, पांढऱ्या सालपटासकट फोडी खायच्या असं ठरवलं आणि मोबाईलवर टायमर लावला. पहिलं मजेत गेलं, दुसरं निम्मं झाल्यावर जबडा दुखायला लागला, दुसरं संपलं तेव्हा ११ मिनिटं झाली होती आणि तिसऱ्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पाचांचा ज्यूस काढला तो उभ्याउभ्या मिनिटाच्या आत संपला आणि वर तासाभरात भूक लागली ती वेगळी. मिक्सरच्या गाळणीत राहिलेला चोथा हातात घेऊन बघा कधीतरी, चांगला ओंजळभर असतो, आणि ज्यासाठी आपण लोकांना "फळं खा" म्हणून कानीकपाळी ओरडतो त्यातला मोठा वाटा तिथेच राहतो आणि ओल्या कचऱ्यात जातो.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. १९७७ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटासा पण फार सुंदर प्रयोग छापून आला होता, त्यात लोकांना सफरचंद तीन रूपांत दिलं, अख्खं, त्याचा गर करून, आणि रस काढून, तिन्हीत कार्बोहायड्रेट सारखंच. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा ११ पट वेगाने संपला. रक्तातली साखर चढली तिन्हीत साधारण सारखीच, पण रसानंतर आणि गरानंतर इन्शुलिन जास्त उसळलं आणि रसानंतर साखर नंतर जास्त खाली गेली, मग भूक लागणारच. पोटभर वाटण्यातही अख्खं फळ सगळ्यात वर. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जेवणाआधी सफरचंद देऊन पाहिलं तर अख्खं सफरचंद खाणाऱ्यांच्या पोटात, ते सफरचंद धरूनही, एकूण १५ टक्के कमी कॅलरी गेल्या, ज्यूसने तसा परिणाम दिसला नाही, ज्यूसमध्ये परत फायबर मिसळून दिलं तरी नाही. मला यातलं शेवटचं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लोक म्हणतात मॅडम आम्ही गाळत नाही, चोथ्यासकट पितो. गाळत नाही हे चांगलंच आहे पण चावणं गेलं ते गेलंच ना.

"पण साखर नैसर्गिक आहे ना" हे दर दुसऱ्या माणसाचं वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मुक्त साखर असा शब्द आहे, आणि त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर सुद्धा धरलीय. अख्ख्या फळातली धरलेली नाही. म्हणजे तीच साखर फोडीत असताना मोजायची नाही आणि ग्लासात आली की मोजायची, ऐकायला विचित्र वाटतं पण फोडीत ती पेशींच्या भिंतीत कोंडलेली असते, हळूहळू सुटते आणि तुम्हाला थांबायला लावते. मर्यादा किती, तर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्के. २००० कॅलरीच्या माणसाला ५० ग्रॅम आणि जमलं तर २५. मोसंबीच्या एका मोठ्या ग्लासात तो २५ चा कोटा संपला, अजून चहा व्हायचाय.

काही हुशार मंडळी ग्लायसेमिक इंडेक्स (एखाद्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते त्याचा आकडा) घेऊन येतात, संत्र्याच्या ज्यूसचा ५० च्या आसपासच आहे म्हणजे लो आहे असं म्हणतात. आकडा बरोबर आहे. पण तो इंडेक्स काढतात ठराविक कार्बोहायड्रेटवर, तुमच्या ग्लासावर नाही. ग्लास दुप्पट केला की शरीरावर पडणारा भार दुप्पट, इंडेक्स तिथेच ५० वर बसलेला.

इथे माझी एक जुनी चूक सांगून टाकते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका हॉस्पिटलात होते तिथे छापील डाएट चार्ट असायचा, त्यात ११ वाजता "१ ग्लास मोसंबी ज्यूस" असं लिहिलेलं. मी पण तोच देत गेले, आजारी माणसाला अन्न जात नाही, दोन दिवस ठीक आहे. सहा-सात वर्षांनी एक आजोबा माझ्याकडे शुगर वाढली म्हणून आले, सगळं पथ्य कडक, भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, तरी शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साडेआठच्या खाली येईना. मी म्हटलं अकराला काय घेता, तर त्यांनी पिशवीतून माझाच चार्ट काढला, लॅमिनेट केलेला, खाली माझी सही. रोज न चुकता ज्यूस. चार्टवर कुठेच लिहिलं नव्हतं की हे किती दिवस. तेव्हापासून मी ज्यूस लिहिला तर पुढे तारीख लिहिते, या तारखेपर्यंत.

आता तुमच्या स्मूदीकडे येऊ, कारण वजनाचं कोडं तिथेच आहे. तुमचीच रेसिपी मी कागदावर मांडली. एक मध्यम केळं, १०५ कॅलरी. एका हापूसचा गर, ९० धरा. चार खजूर, ८०-८५. मोठा चमचा मध, ६०-६५. दूध २०० मिली, १३० च्या आसपास. दोन चमचे ओट्स ७५, मोठा चमचा पीनट बटर ९५. बेरीज ६४० च्या घरात जाते. साखर सगळी मिळून साधारण ८० ग्रॅम, त्यातली १० ग्रॅम दुधाची सोडा, तरी ७० राहते. पोह्यांच्या दोन भरलेल्या प्लेटा होतात यात आणि पोहे निदान चावून तरी खाता. बरं तुम्ही लिहिलंय की "नाश्ता करतच नाही, फक्त स्मूदी", पण खाली लिहिलंय की साडेदहाला कँटीनमध्ये इडली किंवा सँडविच होतं कारण भूक लागते. म्हणजे स्मूदी नाश्त्याच्या बदल्यात नव्हतीच, नाश्त्याच्या आधी होती. ३ किलो कुठून आले ते शोधायला थायरॉइडपर्यंत जायची घाई नको, आधी हे दोन आठवडे सुधारून बघा.

सुधारायचं म्हणजे काय तर गोड करणारे पदार्थ एकावर एक चढवू नका. केळं किंवा आंबा, दोन्ही नाही. खजूर आणि मध दोन्ही बाद, आंबा असताना मध म्हणजे लग्नात वाढदिवस. दुधाऐवजी घट्ट ताजं दही दीड वाटी, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चमचाभर भाजलेल्या जवसाची पूड, ओट्स राहू द्या. पाणी कमी घाला, इतकी घट्ट करा की ग्लासातून येणार नाही, वाटीत ओतून चमच्याने खावी लागेल, आणि खुर्चीवर बसून खा, गाडीत नाही. हे चमच्याने खाण्याचं फॅड नाही, दहा मिनिटं लागतात एवढाच मुद्दा आहे. फळ जमलं तर निम्मंच फिरवा आणि निम्म्याच्या फोडी वरून टाका.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. शिकरण काय असते, केळ्याच्या चकत्या, दूध, आणि पोळीबरोबर खायची. कुणी शिकरण स्ट्रॉने पितं का? केळं मिक्सरमधून काढलं की त्याचं मिल्कशेक होतं आणि मग एका माणसाला दोन केळी सहज जातात, शिकरणीत एकात भागतं. (केळं आणि दूध विरुद्ध आहार म्हणणाऱ्या माझ्या वैद्य मैत्रिणीशी माझं २० वर्षांचं भांडण आहे, ते इथे नको.) आमरसाचं पण तेच, तो गाळलेला, फिरवलेला आंबाच आहे, त्यात साखर घालणारी घरं आहेत, आणि पुरीबरोबर तीन वाट्या झाल्या की कुणी मोजत नाही. अक्षय्य तृतीयेला खा की, मी पण खाते. पण जेवणातला आमरस हा गोडाचा पदार्थ असतो हे आपल्याला पक्कं माहितीय, म्हणून आपण त्याला हेल्दी म्हणत नाही, आणि म्हणून तो रोज सकाळी सातला होत नाही. स्मूदीला हेल्दी म्हटलं की ती रोज होते. घात तिथे होतो.

मिक्सरने फळाचं पार वाटोळं होतं असंही नाही हां, इथे मी माझ्याच जुन्या मतात थोडा बदल केलाय. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठात बिया असलेल्या फळांवर, म्हणजे रासबेरी, पॅशनफ्रूट वगैरे, प्रयोग झाले त्यात अख्खं फळ खाण्यापेक्षा सगळ्यासकट फिरवलेल्या फळाने साखर जास्त चढली नाही, उलट काही वेळा कमी चढली. बिया दळल्या जाऊन त्यातलं काहीतरी बाहेर येत असावं असा अंदाज आहे. पण ती माणसं बहुतेक तरुण आणि निरोगी होती, आणि त्यांनी मोजून दिलेलं फळ घेतलं, वर खजूर आणि मध नाही. तेव्हा फिरवलेलं फळ आणि गाळलेला रस एकाच पारड्यात टाकू नका, स्मूदी ज्यूसपेक्षा बरी हे मी मान्य करते. अजून एक गंमत, स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरीसारखी महागडी फळं "अँटिऑक्सिडंटसाठी" घेत असाल तर त्यात केळं घालू नका. केळं कापून ठेवलं की काळं पडतं ना, ते ज्या एन्झाइममुळे, तेच एन्झाइम या फळांतल्या फ्लॅव्हॅनॉलचा, म्हणजे त्या अँटिऑक्सिडंटांतल्याच एका प्रकाराचा, नाश करतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या लोकांनी २०२३ मध्ये मोजलं तर केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तात ते ८४ टक्के कमी सापडले. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नुसती दह्यात फिरवा.

मिस्टरांचं लवकर उरकते. पाऊण तास वजनं उचलली म्हणून २५ ग्रॅम साखर तातडीने लागत नाही, घरी येऊन जेवणारच आहेत. पाणी प्यायचं, दोन अंडी किंवा उसळ-पोळी खायची. रविवारी दोन-अडीच तास धावत असतील तर तेव्हा ज्यूस प्यायला माझी हरकत नाही, तेव्हा ती साखर स्नायूंत जाते. आणि उसाच्या रसाला "नॅचरल एनर्जी" म्हणून सूट देऊ नका, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये त्याचा वेगळा उल्लेखच आहे, १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर, म्हणजे कोल्ड्रिंकपेक्षा जास्त. रसवंतीत बसून आलं-लिंबू घालून हाफ घेणं हा उन्हाळ्यातला आनंद आहे, महिन्यातून दोनदा घ्या आणि आनंद म्हणूनच घ्या.

सासूबाईंचं मात्र सविस्तर.

एक सफरचंद, एक बीट, एक गाजर, गाळून, यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर येते आणि अनशापोटी ती सरळ वर जाते. बीटमधल्या नायट्रेटने बीपी थोडं उतरतं हे खरंय, त्यासाठी ज्यूसच हवा असं नाही, बीटची दह्यातली कोशिंबीर चालते. एक आजी घाबऱ्याघुबऱ्या आल्या होत्या, लघवीतून रक्त जातंय म्हणून, सोनोग्राफी वगैरे करून बसल्या, निघाला तो रोजचा बीटचा ज्यूस. गाजर अति झालं की तळहात हळद लागल्यासारखे पिवळे दिसतात ते पण बघितलंय. ते दोन्ही निरुपद्रवी. पण मुतखड्याची हिस्टरी असेल तर रोज बीट-पालकाचा ज्यूस नको, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

त्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी तपासलंय ते तुम्ही लिहिलं नाहीये. तपासा. कारण किडनी थोडी मंदावलेली असेल आणि बीपीला टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर शरीरात पोटॅशियम साठू शकतं, आणि मोसंबी-संत्र्याचा ज्यूस, शहाळ्याचं पाणी, बीट-गाजर-पालकाचा रस, हे सगळे पोटॅशियमचे साठे. अशा माणसाला "आजारी आहेत, शहाळं नेऊया" करून चार-चार शहाळी पाजतात तेव्हा मला धडकी भरते. किडनीच्या पेशंटला करमळ, म्हणजे ते स्टारफ्रूट, फळही नको आणि रसही नको, त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकली नाही तर मेंदूवर जातं.

दुधीचा ज्यूस, हा माझ्यासाठी सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. टेकडीच्या पायथ्याशी सकाळी सहाला टेबल मांडलेलं असतं, त्यावर गव्हांकुर, कारलं, आवळा, दुधी असे थर्मास ओळीने, आणि लोक नाक दाबून गटागट पितात कारण "कडू आहे म्हणजे औषधी आहे". कारलं कडू असतं ते ठीक, दुधी कडू लागला की तो विषारी आहे. त्यात कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य वाढलेलं असतं, त्याने उलट्या, रक्ताचे जुलाब, बीपी एकदम खाली, आणि माणसं दगावलेली आहेत. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समितीच नेमली होती. त्यांचं सांगणं साधं होतं, रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, दुसऱ्या कशात मिसळून चव झाकू नका, आणि प्यायल्यावर मळमळ-उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल गाठा. दुसऱ्याने काढून आणलेल्या थर्मासमधला दुधी तुम्ही चाखणार कसा? त्यापेक्षा दुधीची भाजी करा, मुगाची डाळ घालून. फोडणीला टाकायच्या आधी आपल्या आया काकडी आणि दुधी चाखून बघायच्या ती सवय होती ना, तिला अर्थ होता.

आणि गंमत बघा, याच सासूबाईंच्या पर्समध्ये मी ज्यूसचं छोटं पॅक ठेवायला सांगेन. त्या इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असतील आणि कधी घाम फुटून, हातपाय थरथरून शुगर ७० च्या खाली गेली, तर तेव्हा १५ ग्रॅम साखर पटकन हवी असते, म्हणजे साधारण १२० मिली ज्यूस, किंवा तीन चमचे साखर पाण्यात, मग १५ मिनिटांनी परत तपासायचं. तेव्हा सफरचंद चावत बसायचं नाही. ज्यूसचा जो दोष मी इतका वेळ सांगत होते, की तो धाडकन वर नेतो, तोच तेव्हा कामाला येतो. फक्त पॅकवर डाएट किंवा शुगर फ्री लिहिलेलं नाही ना ते बघून घ्या.

मुलाबद्दल. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ पासून सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला ज्यूस अजिबात नाही, १ ते ३ वर्षांना दिवसाला फार तर १२० मिली, ४ ते ६ ला १२० ते १८० मिली. ही वरची हद्द आहे, रोज एवढा पाजलाच पाहिजे असं नाही. सिपरमधून तर नकोच, तासभर चघळत फिरतो आणि साखर आणि आम्ल दातांवर बसून राहतं, पुढचे दुधाचे दात असेच किडतात. तो फळ खात नाही कारण त्याला माहितीय की नाही खाल्लं तर ज्यूस येतो. आठवडाभर ज्यूस घरात आणूच नका, जेवायला बसताना ताटात पपईचे दोन तुकडे किंवा चिकूची फोड ठेवा, आग्रह नाही, बक्षीस नाही, तुम्ही स्वतः त्याच्यासमोर खा. दहा-पंधरा वेळा ठेवावं लागतं, वैताग येतो, मला माझ्या मुलीच्या वेळेस आला होता. तिने शेवटी पेरू खाल्ला तो तिखट-मीठ लावून, चाललं की मग. सी जीवनसत्त्व पेरूत मोसंबीच्या कितीतरी पट असतं.

डब्यात टेट्रापॅक देत असाल तर मागची बाजू वाचा. "फ्रूट ड्रिंक" म्हटलेल्या पेयात आपल्या नियमाने फळ १० टक्के असलं तरी पुरतं, लिंबाच्या पेयात तर ५. बाकी पाणी आणि साखर. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवर "१०० टक्के फ्रूट ज्यूस" लिहू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, तोपर्यंत सर्रास चालायचं ते.

काही माणसांना मी स्वतःहून स्मूदी लिहून देते हेही सांगायला हवं नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई सगळ्यालाच नाही म्हणते. कवळी बसत नाही म्हणून फळ सोडून दिलेले आजोबा, केमोनंतर तोंड आलेलं, जबड्याचं ऑपरेशन झालेलं, वजन घटत चाललेलं, अशांना दही-केळं-शेंगदाण्याची दाट स्मूदी म्हणजे जेवणच. तिथे कॅलरी कमी करायच्या नसतात, आत घालायच्या असतात. तुमच्या घरात सध्या असं कुणी नाही एवढंच.

तर या आठवड्यात एवढं करा. सासूबाईंकडे ग्लुकोमीटर असेलच, एक दिवस नेहमीसारखा ज्यूस घेऊ दे, आधी आणि दोन तासांनी असे दोन आकडे लिहा. दुसऱ्या दिवशी तेच सफरचंद सालासकट चावून, बीट-गाजराची कोशिंबीर, परत दोन आकडे. त्या वेळात दुसरं काही खायचं नाही आणि गोळ्या नेहमीच्या वेळेला, स्वतःच्या मनाने कमी-जास्त काही नाही. चारही आकडे वहीत लिहा, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट जोडा आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. माझं बोलणं त्यांना पटणार नाही कदाचित, सुनेचं तर नाहीच, पण मीटरवरचा आकडा वॉकिंग ग्रुपमध्ये सुद्धा दाखवता येतो.